‘राजीखुशी’पासून ‘मुक्त संमती’पर्यंत : भारतीय करारविधीच्या मूलतत्त्वांचा इतिहास

१

जुने मराठी दस्तऐवज चाळणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीस एक वाक्खंड वारंवार पडतो : ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले’. दस्तऐवज गहाणखताचा असो, खरेदीखताचा असो वा साध्या कर्जखताचा असो, लिहून देणारा आणि लिहून घेणारा यांची नावे, रकमेचा आकडा, फेडीची मुदत आणि व्याजाचा दर या तपशिलांच्या जोडीला हे शब्द ठरल्याप्रमाणे येतात. त्यांच्या नित्याच्या आवृत्तीमुळे त्यांचा अर्थ झिजून गेला आहे आणि वाचणारा त्यांच्यावरून सहज पुढे जातो. वस्तुतः त्यांची रचना विचारपूर्वक झालेली आहे. ‘राजी’ व ‘खुशी’ हे दोन शब्द लिहून देणाऱ्याच्या इच्छेची ग्वाही देतात. ‘अक्कल’ व ‘हुशारी’ हे दोन शब्द त्याच्या बुद्धीच्या शाबुतीची ग्वाही देतात. त्यापुढे ‘रक्कम रोख भरून पावली’ असे वाक्य आले, म्हणजे मोबदल्याचीही ग्वाही पुरी होते.

कायद्याच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थी भारतीय करार अधिनियमाचे दहावे कलम शिकतो, तेव्हा त्याच्यापुढे हीच अंगे निराळ्या परिभाषेत येतात. पक्षकार करार करण्यास सक्षम असावेत, त्यांची संमती मुक्त असावी, प्रतिफल व उद्दिष्ट कायदेशीर असावे आणि तो करार कायद्याने स्पष्टपणे शून्य ठरवलेला नसावा, एवढ्या गोष्टी जुळल्या म्हणजे साध्या कराराला संविदेचे, म्हणजे न्यायालयाकडून अंमलात आणता येणाऱ्या कराराचे, स्वरूप येते. दस्तऐवजाचे जुने शब्द आणि अधिनियमाचे नवे शब्द यांतील हे साम्य लक्षणीय असले, तरी त्यांतील भेद अधिक महत्त्वाचा आहे. दस्तऐवजातील वाक्य संमती असल्याचे सांगते. अधिनियम संमती असावी अशी अट घालतो. पहिले विधान आहे, दुसरी कसोटी आहे. विधानालाच कसोटी मानले गेले, तर काय अनर्थ ओढवतो, हे महाराष्ट्राच्या पठारी जिल्ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनुभवले. आणि आज जे करारविधीचे प्राथमिक सिद्धान्त म्हणून शिकवले जाते, त्याचा बराच भाग त्या अनुभवाच्या प्रकाशात अधिक नीट समजतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने त्या सिद्धान्तांचा ऐतिहासिक मागोवा घ्यावयाचा आहे.

२

धर्मशास्त्राच्या ग्रंथांत ‘करार’ या एका शीर्षाखाली सर्व नियम एकत्र आणलेले आढळत नाहीत. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादान पहिले आहे. निक्षेप, संभूयसमुत्थान, वेतनाचे न देणे, संविदेचा व्यतिक्रम, क्रयविक्रयानुशय ही त्यापुढील पदे आहेत. आधुनिक विधिज्ञ ज्यांना कराराचे निरनिराळे प्रकार म्हणेल, ते येथे स्वतंत्र विषय म्हणून विखुरलेले दिसतात. येथे ‘संविद्’ या शब्दाचा अर्थही ध्यानात घ्यावयास हवा. गाव, श्रेणी किंवा संघ यांनी आपसांत ठरवलेली मर्यादा, असा त्याचा रोख आहे. दोन व्यक्तींमधील खाजगी बोली असा तो नव्हे. आजच्या कायद्याच्या परिभाषेत ‘संविदा’ हा शब्द योजला जातो, तेव्हा जुन्या शब्दाला नवा अर्थ दिला गेला आहे, याचे भान राहिले पाहिजे.

शीर्षक एक नसले, तरी विचार मात्र स्पष्ट आहे. मत्त, उन्मत्त, आर्त, पराधीन, बाल आणि अतिवृद्ध यांनी केलेला व्यवहार सिद्ध होत नाही, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. बळाने दिलेले, बळाने उपभोगलेले आणि बळाने लिहविलेले हे न केल्यासारखेच समजावे, असेही तेथे म्हटले आहे. याज्ञवल्क्याने लेखाच्या प्रामाण्याविषयी बोलताना, स्वहस्ते लिहिलेला लेख साक्षीदारांवाचूनही प्रमाण मानला; परंतु बळाने वा कपटाने झालेला लेख त्यातून वगळला. कौटिल्याने गुप्तपणे, रात्री, घराच्या आत वा अरण्यात झालेल्या व्यवहारांकडे संशयाने पाहिले आहे. लेख प्रमाण आहे, पण लेखापलीकडे जाऊन तो कसा झाला हे पाहण्याचा अधिकार न्यायकर्त्याला आहे, ही या सर्व नियमांमागील धारणा होय.

याशिवाय आणखी एक मर्यादा होती. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, असा जो नियम, तो ‘दामदुपट’ या नावाने महाराष्ट्रात सर्वश्रुत झाला. ऋणकोने कितीही राजीखुशीने अधिक व्याज कबूल केले, तरी त्या कबुलीला एका ठिकाणी सीमा पडते, असा त्याचा अर्थ आहे. मिताक्षरा व व्यवहारमयूख या ग्रंथांचे प्रामाण्य मानणाऱ्या पश्चिम भारतात हा नियम दीर्घकाळ टिकून राहिला आणि इंग्रजी अंमलात मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मान्य केला.

३

मराठी राज्याच्या काळात कागदोपत्री व्यवहाराची जी भाषा घडली, तिच्यात अरबी-फारसी शब्दांचा भरणा मोठा आहे. खत, करार, कबुलायत, तमस्सुक, जामीन, मुदत, मोबदला आणि दस्तऐवज हे शब्द त्या मार्गाने मराठीत आले. साक्ष, गहाण आणि व्याज हे शब्द संस्कृताकडून आलेले आहेत. ‘करार’ या शब्दाच्या मुळाशी स्थिर होणे, ठरणे ही कल्पना आहे. ‘खत’ या शब्दाचा मूळ अर्थ रेघ, अक्षर, लेखन असा आहे. एक शब्द ठरलेल्या गोष्टीकडे पाहतो, दुसरा लिहिलेल्या कागदाकडे. बोलण्याच्या ओघात मात्र ‘खत करणे’ म्हणजेच करार करणे असा अर्थ रूढ झाला आणि ठरलेली गोष्ट व लिहिलेला कागद यांतील अंतर भाषेतून पुसले गेले. ‘व्याज’ या शब्दाचा प्रवासही लक्षात ठेवण्याजोगा आहे. संस्कृतात तो मिष, बतावणी, कपट या अर्थी येतो आणि व्याजाला तेथे वृद्धी वा कुसीद असे म्हणतात. मराठीत मात्र तोच शब्द सावकाराच्या हक्काचे नाव होऊन बसला.

खेड्यातील कुणब्याला लिहिता येत नसे. तो कागदावर नांगराची निशाणी करी. त्याच्या नावाखाली नांगर आणि बाजूला मजकूर लिहिणाऱ्याचा दस्तुर, असे त्या कागदाचे स्वरूप असे. म्हणजे ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ हे शब्द ज्याच्या तोंडी घातलेले असत, तो ते लिहीत नसे आणि वाचूही शकत नसे. तरीही पेशवाईअखेरपर्यंत यातून फार मोठा अनर्थ झाला नाही. त्याचे कारण कागदाच्या मागे उभ्या असलेल्या वसुलीच्या व्यवस्थेत शोधले पाहिजे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीच्या न्यायाचे आणि तगाद्याच्या रीतीचे वर्णन आहे. धनको ऋणकोच्या दारी धरणे धरी, माणसे बसवी, पाण्याला जाऊ देत नसे. परंतु हे दडपण गावाच्या डोळ्यांदेखत पडत असे आणि त्याची मर्यादा गावच ठरवी. पंचांना दोन्ही घरांची स्थिती ठाऊक असे. कागद हा त्यांच्यापुढे येणाऱ्या पुराव्यांपैकी एक पुरावा असे. हा न्याय संथ व पुष्कळदा पक्षपाती होता, हे एल्फिन्स्टननेही नोंदवले आहे. तथापि कर्ज किती, फेड किती आणि कूळ किती देऊ शकेल, या तीन प्रश्नांचा विचार त्यात एकत्र होत असे.

४

इंग्रजी अंमलाच्या आरंभी करारांचा कायदा एकजिनसी नव्हता. मुंबई शहरातील न्यायालयाने वारसा आणि करार या बाबतींत हिंदूंना हिंदूंचा व मुसलमानांना मुसलमानांचा कायदा लावावा आणि पक्षकार भिन्नधर्मी असल्यास प्रतिवादीचा कायदा लावावा, असे पार्लमेंटच्या १७९७ च्या कायद्याने ठरले होते. मुलुखात १८२७ ची रेग्युलेशने लागू झाली. त्यांतील चौथ्या रेग्युलेशनाने, लिखित कायदा नसेल तेथे ज्या प्रदेशात दावा उद्भवला त्या प्रदेशाचा रिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि तोही उपलब्ध नसेल तर न्याय, समदृष्टी व सद्सद्विवेक यांचे तत्त्व, असा क्रम घालून दिला. पाचव्या रेग्युलेशनाने व्याजाला दरसाल दर शेकडा १२ ची मर्यादा घातली.

या व्यवस्थेतील बांध एकामागून एक निघत गेले. व्याजाच्या दरावरील निर्बंध १८५५ च्या कायद्याने रद्द झाले. पक्षकार जो दर ठरवतील तो न्यायालयाने द्यावा, हे इंग्लंडात नुकतेच प्रस्थापित झालेले धोरण येथे आले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावर दावा करण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. कुळाला जुन्या कर्जाच्या भुतापासून सोडवावे, हा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात मुदत संपण्यापूर्वी सावकार नवे खत लिहवून घेऊ लागला. थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जाऊ लागले आणि त्या वाढलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज सुरू होऊ लागले. दामदुपटीचा नियम कायम होता. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवे होत असल्यामुळे त्याचा आधार कुळाला उरला नाही.

दरम्यान लंडनमध्ये लॉर्ड रोमिली यांच्या अध्यक्षतेखाली १८६१ साली तिसरा विधी आयोग नेमला गेला होता. हिंदुस्थानासाठी करारांच्या कायद्याचा मसुदा त्याने १८६६ साली सादर केला. त्या मसुद्यावरून कलकत्त्याचे विधिमंडळ आणि आयोग यांच्यात मतभेद झाले व १८७० साली आयोगाच्या सदस्यांनी राजीनामे दिले. शेवटी गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलातील कायदेविषयक सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने मसुद्याला अंतिम रूप दिले. २५ एप्रिल १८७२ रोजी हा नववा अधिनियम संमत झाला आणि १ सप्टेंबर १८७२ पासून अंमलात आला. करारविषयक कायद्याच्या ‘काही भागांची’ व्याख्या व सुधारणा करणे एवढाच आपला हेतू असल्याचे त्याचे प्रास्ताविक सांगते. म्हणजे तो परिपूर्ण संहिता असल्याचा दावा करीत नाही. त्यातील मालविक्रीची प्रकरणे १९३० साली व भागीदारीची प्रकरणे १९३२ साली स्वतंत्र कायद्यांत गेली. उरलेला भाग आजही भारतीय करारविधीचा पाया आहे.

५

या अधिनियमाची बांधणी व्याख्यांच्या पायऱ्यांनी झालेली आहे आणि विद्यार्थ्याने ती त्याच क्रमाने चढावी हे इष्ट. एक पक्ष काही करण्याची वा न करण्याची तयारी दुसऱ्याची संमती मिळवण्याच्या हेतूने दर्शवतो, तो प्रस्ताव. दुसरा त्यास होकार देतो, ती स्वीकृती. आणि स्वीकारलेला प्रस्ताव म्हणजे वचन. परस्परांचे प्रतिफल ठरणारी वचने म्हणजे करार. आणि कायद्याने अंमलात आणता येणारा करार म्हणजे संविदा. व्यवहारातील मराठीत शेवटच्या दोन्ही संज्ञांना ‘करार’ हाच शब्द लागत असल्याने येथे घोटाळा होतो. मित्राच्या घरी जेवावयास जाण्याचे ठरवणे हा करार म्हणता येईल. पण त्यासाठी दिवाणी दावा लागत नाही.

स्वीकृतीला प्रस्तावाचे ज्ञान आवश्यक आहे, हे लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त या खटल्यात १९१३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्पष्ट केले. कानपुरातून नाहीशा झालेल्या मुलाच्या शोधासाठी मालकाने आपल्या मुनिमाला हरिद्वारकडे पाठवले. तो गेल्यावर ५०१ रुपयांच्या बक्षिसाची पत्रके निघाली. मुनिमाने मुलगा शोधून काढला, पण तेव्हा त्याला बक्षिसाची वार्ता नव्हती. ज्या प्रस्तावाची माहितीच नाही, तो स्वीकारला असे म्हणता येत नाही, म्हणून त्याचा दावा गेला.

प्रतिफलाच्या बाबतीत ‘वचनदात्याच्या इच्छेवरून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव या १८८० च्या खटल्यात वादीने कलेक्टराच्या सांगण्यावरून बाजारात दुकाने बांधली होती. तेथे येऊन बसलेल्या दुकानदारांनी नंतर त्याला विक्रीवर दलाली देण्याचे कबूल केले. बांधकाम दुकानदारांच्या इच्छेवरून झाले नसल्याने ते त्यांच्या वचनाचे प्रतिफल ठरले नाही. उलट केदारनाथ विरुद्ध गोरी महंमद या १८८६ च्या खटल्यात हावड्याच्या सभागृहासाठी वर्गणीदाराने १०० रुपयांचा आकडा घातला आणि त्या भरवशावर बांधकामाचा ठेका दिला गेला. तेथे वर्गणी वसूल करता आली. या दोन निर्णयांवरून असे दिसून येते, की न्यायालय प्रतिफलाचे मोजमाप करीत नसून ते आणि वचन यांमधील दुवा तपासत असते.

संमतीची व्याख्या तेराव्या कलमात आहे : दोन वा अधिक माणसांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने रुकार देणे. भाषेच्या अभ्यासकाला हे कलम विशेष विचारप्रवर्तक वाटेल, कारण त्यात केवळ शब्दांच्या ऐक्याची अपेक्षा नसून अर्थाच्या ऐक्याची अपेक्षा आहे. चौदाव्या कलमानुसार बलप्रयोग, अनुचित प्रभाव, कपट, अयथार्थ निवेदन व चूक यांपैकी कशामुळेही ती संमती घडलेली नसेल, तर ती मुक्त होय. पहिल्या चार दोषांनी करार शून्यकरणीय होतो, म्हणजे ज्याची संमती अशी मिळवली गेली त्याच्या इच्छेवर तो मोडता येतो; वस्तुस्थितीसंबंधी आवश्यक गोष्टीत दोन्ही पक्षांची चूक असेल, तर तो मुळातच शून्य ठरतो.

६

अधिनियमातील या शब्दांची परीक्षा लवकरच झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, दख्खनच्या कापसाला चढा भाव आला आणि कुळांना उधार सहज मिळू लागली. युद्ध संपताच भाव उतरले. सावकारांनी हात आखडता घेतला. त्यातच सरकारने साराआकारणी वाढवली. जुनी खते मात्र दर तीन वर्षांनी फुगतच होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली. तेथून दंग्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले.

या दंग्यांचे एक वैशिष्ट्य तत्कालीन चौकशी आयोगाच्या नजरेतून सुटले नाही. जमावाचा रोख मुख्यतः कागदांवर होता. सावकाराने खते, हुकूमनामे व वह्या हवाली केल्या, की पुष्कळ ठिकाणी प्रकरण तेथेच थांबे. नाकारल्या, तरच जबरदस्ती होई. कागद गोळा करून जाळले जात. ज्या कागदावर आपल्या नावाने राजीखुशी लिहिली आहे, तो कागदच आपल्याला बांधतो आणि ज्या न्यायालयात त्याचा अर्थ लागतो, तेथे कागदामागची हकीकत ऐकून घेतली जात नाही, ही समजूत त्या कृतीमागे होती.

ती समजूत अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. करार अधिनियमाच्याच वर्षी, १८७२ साली, स्टीफनचाच भारतीय पुरावा अधिनियम आला होता. (२०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली आहे, प्रस्तुत तत्त्व मात्र कायम आहे.) कराराच्या अटी दस्तऐवजात उतरल्यावर त्यांना बाध आणणारा तोंडी पुरावा घ्यावयाचा नाही, असा त्याचा सामान्य नियम होता. कपट, धाकदपटशा किंवा प्रतिफलाचा अभाव सिद्ध करण्यास त्यात अपवाद होता. परंतु तो सिद्ध करण्याचा भार निशाणी करणाऱ्या कुळावर पडत असे. तालुक्याच्या न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ नसल्याने पुष्कळ कुळे हजरच राहत नसत आणि हुकूमनामे एकतर्फी होत. कायद्याने दिलेला बचाव अशा रीतीने पुस्तकात राहिला. महात्मा फुले यांनी १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात अक्षरशत्रू शेतकऱ्याची कागद आणि कचेरी यांच्यापुढे होणारी जी कोंडी वर्णिली आहे, तिच्याशी हे चित्र जुळते.

येथे अधिनियमाच्या मूळ सोळाव्या कलमाची मर्यादाही उघड झाली. विश्वासाचे नाते, खरा वा भासमान अधिकार, आणि वार्धक्य, आजार वा क्लेश यांनी दुर्बल झालेले मन, एवढ्याच स्थितींत अनुचित प्रभाव मानण्याची तरतूद त्यात होती. गुरू व शिष्य, वैद्य व रोगी ही उदाहरणे त्यात बसत. सावकार व कूळ यांचे नाते त्यात सहज बसत नव्हते. कूळ वेडे नव्हते, आजारी नव्हते, अल्पवयीनही नव्हते. बी-बियाण्यासाठी आणि साऱ्यासाठी त्याला दुसरे दार नव्हते, एवढेच.

७

दंग्यानंतर चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेला हा कायदा विधीच्या इतिहासात एक मोठा अपवाद होता. त्यातील बाराव्या कलमाने न्यायालयावर असे कर्तव्य टाकले, की शेतकऱ्याविरुद्धच्या दाव्यात केवळ खत न पाहता व्यवहाराच्या अगदी आरंभापासूनचा इतिहास तपासावा. हिशेब करताना मुद्दल व व्याज वेगळे ठेवावे आणि मुद्दलात मिळवलेले व्याज मुद्दल म्हणून धरू नये, असे पुढील कलम सांगते. शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर व्हावा, तो त्याला समजावून सांगितला जावा, फेडीची पावती आणि वार्षिक हिशेब मागण्याचा त्याला हक्क असावा, कर्जापायी त्यास कैद होऊ नये, या तरतुदीही त्यात होत्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीशाच्या हुद्द्यावर काम केले. पुढे १८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

तत्त्वतः पाहता या कायद्याने याज्ञवल्क्याची जुनी सावधगिरी आणि पंचांची जुनी रीत नव्या न्यायालयात आणली. त्याची फळे मात्र संमिश्र होती. गहाणखताची छाननी होऊ लागताच सावकार त्याऐवजी खरेदीखत लिहवून घेऊ लागले. कर्ज फिटल्यावर जमीन परत देण्याची बोली तोंडीच राही. त्यामुळे कागदावर खरेदी लिहिली असली, तरी व्यवहार खरोखर गहाणाचा होता काय, हे तोंडी पुराव्याने तपासण्याची मुभा देणारे कलम पुढे घालावे लागले. कागदाचे नाव आणि व्यवहाराचे स्वरूप यांतील ही ओढाताण दीर्घकाळ चालली. काही सावकारांनी शेतकऱ्याला कर्ज देणेच कमी केले, अशीही तक्रार होती. संरक्षणामुळे उधारीचा मार्ग अरुंद होतो, हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत अशा प्रत्येक कायद्यावर घेतला गेला आहे आणि तो दृष्टिआड करून चालणार नाही.

सर्वसाधारण कायद्यातील बदल १८९९ साली झाला. त्या वर्षीच्या सहाव्या अधिनियमाने सोळावे कलम नव्याने लिहिले, १९-अ हे कलम घातले आणि दंडाच्या रकमेविषयीचे चौऱ्याहत्तरावे कलम सुधारले. नव्या सोळाव्या कलमात तीन पायऱ्या आहेत. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असावा. त्या स्थितीचा उपयोग त्याने गैरवाजवी फायद्यासाठी केलेला असावा. आणि वर्चस्व सिद्ध झाल्यावर व्यवहार सकृद्दर्शनी किंवा पुराव्यावरून विवेकाला न पटणारा दिसला, तर अनुचित प्रभाव नव्हता हे सिद्ध करण्याचा भार बलवान पक्षावर पडावा. सिद्धतेच्या भाराची ही बदललेली जागा हे या दुरुस्तीचे सार होय. ज्याच्या घरी कागद तयार झाला, त्याने आता कागदापलीकडचे उत्तर द्यावयाचे होते.

तथापि या कलमालाही सीमा आहे. रघुनाथ प्रसाद विरुद्ध सरजू प्रसाद या खटल्यात दर शेकडा २४ या चक्रवाढ व्याजाने सुमारे १०,००० रुपयांचे कर्ज अकरा वर्षांत १,१२,८८५ रुपयांवर गेले होते. प्रिव्ही कौन्सिलने १९२३ साली असे ठरवले, की व्याज जबर आहे एवढ्यावरून अनुचित प्रभाव ठरत नाही. ऋणकोच्या इच्छेवर धनकोचे वर्चस्व होते, ही पहिली पायरी आधी सिद्ध झाली पाहिजे, आणि नुसती निकड म्हणजे वर्चस्व नव्हे. याउलट सक्षमतेच्या बाबतीत तेच न्यायासन कठोर होते. मोहरीबिबी विरुद्ध धर्मदास घोष या १९०३ च्या निर्णयात, अल्पवयीनाने लिहून दिलेले २०,००० रुपयांचे गहाणखत शून्यकरणीय नसून मुळातच शून्य आहे, असे त्याने ठरवले. अल्पवयीनाची राजीखुशी विचारातच घेतली जात नाही. प्रौढाची घेतली जाते आणि ती खरी नव्हती हे दाखवण्याचा प्रारंभिक भार त्याच्यावरच राहतो. विद्यार्थ्याने हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचावेत, म्हणजे ‘सक्षमता’ व ‘मुक्त संमती’ या दोन अंगांतील भेद नीट ध्यानी येईल.

८

स्वातंत्र्योत्तर काळात प्रश्नाचे क्षेत्र शेतातून कचेरीत आणि बाजारात आले. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्स्पोर्ट कॉर्पोरेशन विरुद्ध ब्रजोनाथ गांगुली या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नोकरीच्या अटींतील एक नियम होता. त्यान्वये महामंडळाला तीन महिन्यांची सूचना देऊन, कारण न सांगता, कायम अधिकाऱ्याला सेवेतून दूर करता येत असे. ज्याला नोकरी हवी, त्याला छापील अटी मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते; अशा विषम सौदाशक्तीतून आलेली विवेकाला न पटणारी अट लोकधोरणाविरुद्ध म्हणून तेविसाव्या कलमाखाली शून्य होय, असे न्यायालयाने म्हटले. दोन तुल्यबळ व्यापाऱ्यांमधील सौद्यास हे तत्त्व लागू नाही, हेही त्याने सांगितले. विधी आयोगाने १९८४ च्या एकशे तिसऱ्या आणि २००६ च्या एकशे नव्याण्णवाव्या अहवालांत अन्याय्य अटींविषयी स्वतंत्र तरतुदी सुचवल्या होत्या. करार अधिनियमात तशी दुरुस्ती झालेली नाही. ग्राहकांपुरती मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ‘अन्याय्य करार’ ही संज्ञा आणली आणि त्यातील अटी शून्य ठरवण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना दिला.

आज संगणकाच्या वा दूरध्वनीच्या पडद्यावर ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट टेकले, की करार पुरा होतो; इलेक्ट्रॉनिक साधनांनी झालेला करार केवळ त्या कारणास्तव अग्राह्य ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे १०-अ हे कलम सांगते. त्या शब्दांखालचा मजकूर वाचलेला असतो, असे कोणी गृहीत धरत नाही. नांगराची निशाणी करणारा कुणबी आणि हे बोट टेकणारा सुशिक्षित ग्राहक यांच्या परिस्थितीत महदंतर आहे. कुणब्याला मजकूर वाचता येत नव्हता, ग्राहकाला तो बदलता येत नाही. दोघांच्याही नावे दुसऱ्यानेच राजीखुशी लिहून ठेवलेली असते, एवढ्यापुरते ते समान आहेत.

या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. संमतीचा लेख आणि संमती या दोन गोष्टी आहेत, हे आपल्याकडील स्मृतिकारांना ज्ञात होते. १८७२ च्या अधिनियमाने ते तत्त्व सुबक व्याख्यांत मांडले. परंतु व्याज, मुदत आणि पुरावा यांविषयीच्या त्या काळच्या कायद्यांनी त्याचे बळ दुर्बल पक्षापर्यंत पोहोचू दिले नाही. १८७९ व १८९९ च्या सुधारणांनी व्याख्या फारशा बदलल्या नाहीत, तर काय तपासावे आणि कोणी सिद्ध करावे, या दोन गोष्टी बदलल्या. म्हणून दहाव्या कलमाची अंगे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक अंगाशी थांबून एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : हे असल्याचे कोण सांगत आहे, आणि नसल्याचे सिद्ध करण्याचा भार कोणावर आहे? सुप्याच्या बाजारात जे कागद जळाले, त्यांवरील मजकूर कायद्याच्या दृष्टीने बहुधा निर्दोष होता. आणि याच कारणासाठी करारविधीच्या अभ्यासाचा आरंभ त्या प्रसंगाच्या वाचनाने करणे उचित ठरेल.